नळी कापली आणि टेबल घट्ट बसलं

फोर्टातल्या एका इराण्याकडे आम्ही दोघे बसलो होतो. टेबल डुगडुगत होतं. मित्राने सवयीने कागदी नॅपकिनची घडी घातली आणि पायाखाली सरकवायला वाकला. मी म्हटलं, थांब. टेबल धरून जागच्या जागी हळूहळू फिरवलं, वीसेक अंश फिरल्यावर डुगडुग थांबली. बन मस्का आणणाऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मला उगाच वाटलं, आपण काही जादूबिदू केली.

जादू नाही, ते गणित आहे. चार पायांच्या चौरस टेबलाचे तीन पाय कसेही जमिनीला टेकतातच, अधांतरी राहतो तो चौथा. टेबल पाव फेरा फिरवलं की पायांच्या जागांची अदलाबदल होते, आणि हिशेब मांडला तर जो पाय जमिनीच्या वर होता तो आता जमिनीच्या खाली जायला हवा. वरून खाली जाताना मध्ये कुठेतरी शून्य लागणारच. सर्न प्रयोगशाळेतले भौतिकशास्त्रज्ञ आंद्रे मार्टिन यांनी २००५ साली याची रीतसर सिद्धता लिहिली. मुख्य अट अशी, की पाय सारखे हवेत आणि खोट जमिनीत हवी. लादी उंचसखल असेल तर युक्ती चालते. सुताराने एक पाय आखूड कापला असेल तर मात्र नॅपकिनच बरा.

मित्र खूश झाला आणि म्हणाला, "मग माझ्या गाडीतलं टेबल फिरवून दे."

त्याने एक जुनी तेरा सीटर व्हॅन घेऊन तिचं चाकांवरचं घर केलं आहे. ती मुलुंडला सोसायटीच्या आवारात उभी असते आणि सेक्रेटरी तिच्याकडे रोज संशयाने बघतात. आत ओटा, दोन बाक आणि मध्ये जेवणाचं टेबल. त्या टेबलाला पाय एकच: सव्वादोन इंची ॲल्युमिनियमची नळी. तिचं खालचं टोक जमिनीत बसवलेल्या कपात शिरतं, वरचं टोक टेबलाच्या पोटाखालच्या कपात. रात्री नळी उपसायची, फळी दोन बाकांच्या मध्ये आडवी टाकायची, वर गादी पसरायची, की झाला पलंग. हे टेबल मी तीनशेसाठ अंश फिरवलं. ते तीनशेसाठ अंशांत सगळीकडे सारखंच डुलत होतं. कोपराचा धक्का लागला की चहा बशीत.

मित्राचं निदान तयार होतं: नळी पातळ आहे, वाकते, जाड मागवतो. हे निदान इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे, की मी तिथेच पाकिटाच्या मागे हिशेब मांडला. सत्तर सेंटिमीटर उंच, दीड मिलिमीटर जाडीच्या भिंतीची ही नळी पाच किलोच्या जोराने वरच्या टोकाला आडवी ढकलली, तर ती स्वतः वाकते जेमतेम ०.८ मिलिमीटर. टेबल मात्र डोळ्यांदेखत बोटभर हलत होतं. म्हणजे गुन्हेगार नळी नव्हे.

आता खालचा कप पाहा. खोली पाच सेंटिमीटर. नळी आणि कपाची भिंत यांच्यात अर्धा मिलिमीटर ढिलाई असेल (आपले फिटर तिला 'प्ले' म्हणतात), तर नळी तेवढ्यात शंभरास एक या प्रमाणात कलू शकते. शंभरास एक ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण सत्तर सेंटिमीटर वर पोचेपर्यंत त्याचे सात मिलिमीटर होतात, आणि टेबलाची कड नळीपासून पंचेचाळीस सेंटिमीटरवर असेल तर ती साडेचार मिलिमीटर खालीवर होते. चहा सांडायला एवढं पुष्कळ. उलट दिशेनेही तरफ तशीच निर्दय आहे: कडेवर दहा किलोचं कोपर टेकलं की कपाच्या भिंतींवर नव्वदेक किलोचा जोर येतो. अडकित्त्यात सुपारीचं काय होतं ते आठवा. दोष होता जमिनीलगतच्या दोन इंचांत, आणि तिथे कोणी बघत नव्हतं.

त्या दोन इंचांत जे आहे ते मला फार आवडतं, म्हणून थोडं तिथेच रेंगाळतो. नळीचं टोक सरळ नसतं, किंचित निमुळतं असतं. कपही आतून तसाच निमुळता. याला टेपर म्हणतात. त्यात स्क्रू नाही, खटका नाही, पिन नाही. दाबून किंचित पिळलं की घट्ट बसतं, उलट पिळून उपसलं की सुटतं.

टेपर तुमच्या स्वयंपाकघरात आहे. स्टीलचे पेले एकात एक घालून ठेवले की त्यातले दोन हमखास अडकतात. आमटीच्या वाट्या मात्र शंभर रचल्या तरी कधी अडकत नाहीत. असं का? पेल्याची भिंत जवळपास उभी, वाटीची चांगलीच कललेली. एवढाच फरक, पण गोष्ट सगळी त्या कोनात आहे.

आतला पेला दाबला की बाहेरच्या पेल्याची भिंत त्याला भिंतीशी काटकोनात ढकलते, म्हणजे जवळजवळ आडवं. जवळजवळ, कारण भिंत थोडी कललेली असल्याने त्या जोराचा एक बारीकसा अंश वरच्या दिशेला असतो आणि तो पेल्याला बाहेर काढायला बघतो. त्याला अडवतं घर्षण. बाहेर ढकलणारा अंश म्हणजे भिंतीचा जोर गुणिले कोनाचा साइन. अडवणारं घर्षण जास्तीत जास्त भिंतीचा जोर गुणिले घर्षणांक (दोन पृष्ठभाग एकमेकांना किती धरतात त्याचा आकडा) गुणिले कोसाइन. दोघांची तुलना केली की भिंतीचा जोर दोन्ही बाजूंनी कटून जातो! उरतं एवढंच: कोनाचा टॅन्जंट घर्षणांकापेक्षा लहान असेल तर वस्तू अडकून राहील, मोठा असेल तर सुटेल. किती दाबलं याचा त्यात काही संबंध नाही. हीच अट बागेतल्या घसरगुंडीची. कोन कमी असेल तर लठ्ठ मूल आणि सडपातळ मूल दोन्ही वरच बसून राहतात.

मित्राच्या नळीचं टेपर मी मोजलं. वीस मिलिमीटर लांबीमागे व्यास एक मिलिमीटर कमी होतो. म्हणजे एका बाजूचा टॅन्जंट ०.०२५. कोरड्या ॲल्युमिनियमचा घर्षणांक अगदी कंजूषपणे ०.२ धरला तरी अडवणारी बाजू आठपट भारी. शिवाय हेच टेपर पाचरीसारखं जोर वाढवतं: तीस किलोने दाबा, भिंतींवर सुमारे एकशेतीस किलो पडतात आणि हात काढल्यावरही त्यातले बरेचसे तिथेच राहतात. अमेरिकेत स्टीफन मोर्स यांनी १८६४ च्या सुमारास ड्रिलसाठी जवळपास याच उताराचं टेपर काढलं. आजही लेथवर, म्हणजे धातू फिरवून कातायच्या यंत्रावर, मोर्स टेपरच असतं. आणि एखाद्या आजीचा खुबा बदलतात, तेव्हा मांडीच्या हाडातल्या दांड्यावर नव्या सांध्याचा गोळा याच तत्त्वावर, हातोडीने ठोकून बसवतात. आजी त्यावर वर्षानुवर्षं चालतात. (इथपर्यंत साइन-कोसाइनमुळे कोणी गळालं असेल तर हरकत नाही. पेले लक्षात ठेवा, पुढे त्यांच्यावरच भागेल.)

मग इतकी पक्की गोष्ट डुलते कशी?

मिस्त्री आले. कुर्ल्याच्या एका वर्कशॉपात त्यांची उभी हयात लेथवर गेली. त्यांनी टेबल एकदा हलवलं, नळी उपसली, कपात बोट फिरवलं आणि बोटाला लागलेली वाळू मला दाखवली. "साहेब, समुद्रावर जाता काय गाडी घेऊन?" मित्र ओशाळला. टेपरमध्ये वाळू म्हणजे दुहेरी शिक्षा. ०.२ मिलिमीटरचा एक कण भिंतीत अडकला तरी नळी तब्बल चार मिलिमीटर वर बसते आणि एका कणावर तोल सांभाळते. आणि रोज नळी पिळताना तीच वाळू पॉलिश पेपरसारखी धातू खाते.

मग त्यांनी मित्राच्या बायकोकडे थोडी भिजवलेली कणीक मागितली. वाटाण्याएवढी गोळी कपाच्या तळाशी ठेवली, नळी दाबून बसवली आणि परत काढली. गोळीचा कागद झाला होता. "बघा, बूड टेकलंय."

मला हे तोवर सुचलं नव्हतं, याची थोडी लाज वाटली. टेपर नवं असतं तेव्हा नळीचं टोक तळाला टेकतच नाही. ती भिंतींवर अडकून अधांतरी उभी असते, खाली तीन-चार मिलिमीटर मोकळी जागा. भिंती झिजतात तशी ती खाली सरकून पुन्हा घट्ट बसते. व्यासात ०.१ मिलिमीटर झीज झाली तर दोन मिलिमीटर खाली. म्हणजे टेपर आपली झीज आपणच भरून काढतं. पण एक दिवस टोक तळाला टेकतं. तिथून पुढे कितीही दाबा, दाब तळावर जातो, भिंतींवर नाही. नळी कपात नुसती उभी राहते, छत्रीच्या स्टँडमधल्या छत्रीसारखी.

मी आधी शीतपेयाच्या कॅनचा पत्रा कापून दोन वेढे नळीला गुंडाळून पाहिले होते. दोन दिवस छान चाललं, मग पत्रा चुरगळला. मिस्त्रींचा उपाय ऐकून मित्राच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला: नळी कापायची. सोय अशी, की नळीचं निमुळतं टोक साडेसहा सेंटिमीटर लांब होतं आणि कप पाचच खोल. अर्धा मिलिमीटर ढिलाई भरायला नळी वीसपट, म्हणजे दहा मिलिमीटर खाली उतरायला हवी. शिवाय तळाशी तीन मिलिमीटर मोकळीक. त्यांनी लेथवर तेरा मिलिमीटर उडवले. मग मित्राच्या मुलीच्या डबीतलं काजळ टोकाला पातळ फासून नळी कपात घातली, पिळली, काढली. जिथे काजळ पुसलं तिथे धातू टेकतो. पहिल्यांदा वरच्या कडेलाच एक कडं उमटलं. बारीक पॉलिश पेपरने तीन-चारदा घासल्यावर जवळपास सगळीकडे काजळ पुसलं गेलं. मी सवयीने तेलाची बाटली पुढे केली, त्यांनी ती बाजूला सारली. बरोबरच होतं, जे घर्षण आपल्याला हवं आहे तेच तेल खातं.

कप ज्या प्लायवर बसवला होता तिथली रड निराळी. बारा मिलिमीटर प्लाय, त्यात सहा स्क्रू, मुंबईचे दोन पावसाळे. भोकं पसरली होती. तिथे स्क्रूंच्या जागी आरपार नट-बोल्ट आणि खालून पोलादी पट्टी, नागदेवी स्ट्रीटवरून आणलेली. दुकानदाराने सोबत मूठभर स्प्रिंग वायसर दिले, म्हणजे नटाखाली घालायची ती चिरलेली कडी. या वायसरवर आपली जी श्रद्धा आहे ती एखाद्या ताइतावर शोभेल. जर्मन अभियंते गेरहार्ड युंकर यांनी १९६९ साली दाखवलं, की बोल्ट सुटतो तो मुख्यतः आडव्या थरथरीने. आणि नासाच्या १९९० च्या फास्टनर मॅन्युअलने स्पष्टच लिहिलं आहे, की बोल्ट पूर्ण आवळला की स्प्रिंग वायसर चपटा होतो आणि त्याची पकड शून्य. आम्ही नायलॉक, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेले, नट लावले.

ताइतावरून आठवलं. मित्राच्या मावशींचं मत असं, की एका पायाचं टेबल वास्तूला चालत नाही, म्हणूनच ते हलतं. मी विचारलं, "मावशी, तुळशीवृंदावनाला किती पाय?" त्यांनी मला दुसरा लाडू दिला नाही.

टेबल सेंटिमीटरभर बुटकं झालं, पण असं बसलं, की कडेवर रेलून मिस्त्रींनी चहा प्यायला.

आठवड्याने रात्री दहाला फोन आला, हर्णैहून. "अरे, नळी निघत नाहीये. झोपायचं कुठे?" वरची फळी निघाली होती, पण खालचं टेपर नको तितकं इमानदार झालं होतं. मी म्हटलं, पेले अडकल्यावर आई काय करायची? आतल्या पेल्यात गार पाणी. नळी पोकळ आहे, बर्फ भर. ॲल्युमिनियम दर अंशाला दहा लाखांत तेवीस भाग आकसतं. वीस अंश उतरले तर पंचावन्न मिलिमीटरचा व्यास ०.०२५ मिलिमीटरने कमी होतो, आणि या टेपरवर त्याचा अर्थ अर्धा मिलिमीटर मोकळीक. फक्त घाई कर, कप गार व्हायच्या आत पिळ.

बर्फ बंदरावर मिळाला. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नळीत सोडला, मिनिटभर थांबून पिळ दिला, तर टक् आवाज होऊन नळी हातात. फक्त तो बर्फ बांगडा माशांच्या पाटीतला होता आणि पिशवीला भोक होतं. गादी अजून मुलुंडच्या गच्चीवर उन्हात आहे.