लेस विणून झाली, आता लावायची कशाला?

आमच्याकडे दोरा घ्यायला येणाऱ्यांपैकी बरेच जण कधी ना कधी पिशवीतून एक गुंडाळी काढून दाखवतात. क्रोशाची सुंदर लेस, दीड-दोन मीटर, हात बसलेला. आणि प्रश्न एकच: "आता ही कशाला लावू?" हे पत्रक त्या प्रश्नासाठी आहे. आमचं मत आधीच सांगतो. जमत असेल तर आधी कापड ठरवा, मग सुई हातात घ्या. लेसची रुंदी, दोऱ्याची जाडी, कोपरे लागणार की नाही, हे सगळं कापडच सांगतं. लेस आधीच तयार असेल तर शेवटचा भाग वाचा.

दोरा आणि सुई

क्रोशाच्या सुती दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक. 10 नंबरला साधारण 1.5 मिमी, 20 नंबरला 1.25 मिमी आणि 40 नंबरला 1 मिमीच्या आसपासची स्टीलची सुई चालते. हात घट्ट असेल तर अर्धी पायरी मोठी घ्या. पडदा, टॉवेल, टेबलक्लॉथ यांना 10 नंबर, रुमाल आणि उशीच्या अभ्र्याला 20. 40 नंबर दिसायला अप्रतिम, पण पहिल्याच कामाला घेऊ नका. डोळे आणि धीर दोन्ही लागतात.

लेसला शक्यतो मर्सराइज्ड, म्हणजे कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करून चकाकी आणलेला दोराच घ्या. इंग्लंडचे रसायनतज्ज्ञ जॉन मर्सर यांना 1844 मध्ये दिसलं की कॉस्टिक सोड्यात सूत फुगतं आणि रंग चांगला धरतं. पुढे 1890 मध्ये होरेस लो यांनी सूत ताणून धरून तीच क्रिया केली, तेव्हा त्याला आजची चकाकी आली. आपल्याला त्याचा फायदा असा की टाका उठून दिसतो आणि धुतल्यावर लेस केसाळ होत नाही.

दोरा किती लागेल, याचं उत्तर आम्ही अंदाजाने देत नाही. तुम्हीही 10 सेंमी विणा, उसवा आणि दोरा मोजा. समजा 1.6 मीटर भरला. रुमालाची बाजू 30 सेंमी, म्हणजे घेर 120 सेंमी. 12 गुणिले 1.6 म्हणजे 19.2 मीटर. कोपरे आणि टोकांसाठी दहावा हिस्सा वाढवा, की 21 मीटर पुरतात. मोठ्या कामाला सगळे गुंडे एकदमच घ्या आणि लेबलवरचा रंगाच्या घाण्याचा क्रमांक (डाय लॉट, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या दोऱ्याचा नंबर) जुळवून घ्या. पांढऱ्यातही फरक असतो, आणि तो नेमका लेस लावून झाल्यावर दिसतो.

उभी की आडवी

लेस दोन तऱ्हांनी विणता येते. पहिलीत पूर्ण लांबीची साखळी घालून तिच्यावर ओळी चढवायच्या. हिच्यात टाके आधी मोजावे लागतात आणि साखळी घट्ट झाली की लेस धनुष्यासारखी वाकते. म्हणून फक्त साखळीपुरती एक नंबर मोठी सुई वापरा. दुसरीत पाच-सात टाक्यांची अरुंद पट्टी पुढे पुढे वाढवत न्यायची आणि कापड संपलं की थांबायचं. पडद्यासारख्या लांब कामाला आम्ही नेहमी दुसरीच सुचवतो. तीन मीटरची साखळी मोजताना मध्येच कोणी हाक मारली, की पुन्हा एकपासून!

तिसरी वाट म्हणजे थेट कापडाच्या काठावर विणणं. कापड सैल विणीचं असेल तर बारीक सुई आरपार जाते. घट्ट विणीच्या कापडाला आधी काठावर 3-3 मिमी अंतराने ब्लँकेट टाका घाला आणि त्याच्या आडव्या दोऱ्यात मुके खांब (सुईवर दोऱ्याचा वेढा न घेता विणलेले आखूड टाके) विणा. सुई कापडात जबरदस्तीने खुपसू नका, धागे तुटतात आणि काठ तिथूनच फाटतो.

शिंपल्याची लेस, कोपऱ्यासकट

कोणालाही जमेल अशी ही एक. काठावर मुक्या खांबांची एक ओळ, सेंमीला साधारण तीन. मग दुसरी ओळ: एक मुका खांब, दोन टाके सोडा, तिसऱ्यात पाच खांब (सुईवर एक वेढा घेऊन विणलेले उंच टाके), पुन्हा दोन सोडा, पुढच्यात मुका खांब. पाच खांब एकाच घरात गेले की ते पंख्यासारखे उघडतात, तोच शिंपला. सहा टाक्यांना एक शिंपला.

खरी कसोटी कोपऱ्यावर. पहिल्या ओळीत प्रत्येक कोपऱ्यात तीन मुके खांब घाला आणि त्यातल्या मधल्या टाक्याला खुणेचा रंगीत दोरा बांधा. त्या टाक्यात शिंपला यायला हवा, आणि तो पाचाऐवजी सात खांबांचा, नाहीतर लेस कोपऱ्यावर आत ओढली जाते. त्यासाठी दोन खुणांच्या मधले टाके सहाच्या पटीत एक कमी असावे लागतात: 89, 95, 101 असे. 30 सेंमीच्या बाजूला 89 छान बसतात. एखाद-दोन टाके कमी-जास्त झाले तर पहिलीच ओळ उसवू नका. बाजूच्या मध्यावर कुठेतरी एका घरात दोन घाला किंवा एक घर सोडा. विणणाऱ्याशिवाय ते कोणाला दिसत नाही.

पॅटर्न इंग्रजी असेल तर आधी तो कुठला ते पाहा. अमेरिकन पॅटर्नमधला 'डबल' म्हणजे आपला खांब. ब्रिटिश पॅटर्नमधला 'डबल' म्हणजे मुका खांब. 'सिंगल' हा शब्द दिसला तर पॅटर्न अमेरिकन समजा. लेस निम्म्याच रुंदीची झाली अशी तक्रार आली की आम्ही आधी हेच विचारतो.

लावण्याआधी धुवा

दोन्ही धुवा, कापड आणि लेस. आम्ही एकदा कोऱ्या सुती टेबलक्लॉथला घाईत लेस शिवून दिली. पहिल्या धुण्यात कापड आटलं, लेस होती तेवढीच राहिली, आणि चारी बाजूंना नको ती झालर तयार झाली. सगळी उसवून पुन्हा शिवली, अर्थात आमच्या खर्चाने. गडद लेस हलक्या कापडाला लावणार असाल तर ओलं पांढरं फडकं तिच्यावर दाबून पाहा. डाग उमटला तर ती जोडी विसरा.

धुतलेली लेस ओली असतानाच जाड टॉवेलवर पसरा, प्रत्येक टोक बोटाने ओढून न गंजणारी टाचणी लावा आणि पूर्ण वाळू द्या. चुरगळलेली सुतळी वाटणारी वस्तू यानंतर लेस दिसते. इस्त्री करायचीच तर उलट्या बाजूने, टॉवेलवर ठेवून; सुलट्या बाजूने केली की शिंपले चपटे होतात.

शिवताना काठाचे चार समान भाग करा, लेसचेही चार, आणि खुणा जुळवून टाचा. मग हाताने, त्याच रंगाच्या बारीक दोऱ्याने, छोटे तिरपे टाके. लेस ओढून शिवू नका. तुम्ही ताणलेला एकेक मिलिमीटर ती पुढे परत घेते आणि काठ चुण्या पाडतो.

आधीच विणून ठेवलेली लेस

आता ती पिशवीतली गुंडाळी. 20 सेंमीच्या आतला तुकडा असेल तर वाचनखूण करा, मात्र मागून पातळ कापड लावा. अर्ध्या मीटरला कापडी पिशवीचं तोंड किंवा आखूड झालेल्या बाहीची कड. मीटरभराला टॉवेलचं टोक, फडताळाच्या फळीची पुढची कड किंवा उशीच्या अभ्र्याचं तोंड. लांबी अडनिडी असेल तर जोड देण्यापेक्षा लेस एकाच बाजूला लावा, ती मुद्दाम तशी केलेली वाटते. फार अरुंद लेस दोन कापडांच्या मध्ये घाला. फ्रॉक दोन बोटं लांब करायला ही युक्ती उत्तम.

तान्ह्या बाळाच्या कपड्याला किंवा पांघरुणाला मोठ्या भोकांची लेस लावू नका. बोटं अडकतात, आणि सुटलेला दोरा बोटाभोवती आवळला तर इजा होते. तिथे फक्त मुक्या खांबांची बंद कड विणा आणि टोकं आत चांगली लपवा.

जुना कपडा टाकताना त्याची लेस काढून घ्या. कापडाची शिवण उसवा, लेसचा टाका नाही. कात्री नेहमी कापडाच्या बाजूला ठेवा.

येताना कापडाचा तुकडा किंवा निदान काठाचं माप घेऊन या. लेबल शाबूत असलेले, न उघडलेले गुंडे आम्ही बदलून देतो. उघडलेल्यांचं मात्र काही करता येत नाही.