सेकंद म्हणजे दुसरा, मग पहिला कोण?

सकाळी राजवाड्याजवळ पोह्यांच्या गाडीपाशी उभं राहिलं, की "भिया, एक सेकंड" हे कानावर पडतंच. परवा मी घड्याळ लावून पाहिलं. आधीच्या गिऱ्हाइकाच्या पोह्यांवर शेव, कांदा, जिरावन, लिंबाची फोड, मग सुटे पैसे, आणि तेव्हा कुठे माझी प्लेट. तीन मिनिटं वीस सेकंद. तक्रार नाही, इंदुरात सेकंद असाच ताणून मोजतात. पण उभ्या उभ्या मनात आलं, शाळेत सेकंड येणारा दुसरा असतो. मग घड्याळातला हा कुणाच्या मागून आला?

मिनिटाच्या. लॅटिनमध्ये अंशाच्या किंवा तासाच्या साठाव्या भागाला 'पार्स मिनुटा प्रिमा' म्हणत, म्हणजे पहिला बारीक भाग. त्याचे पुन्हा साठ केले की 'पार्स मिनुटा सेकुंडा', दुसरा बारीक भाग. एवढं लांबलचक कोण बोलणार? पहिल्यातलं 'बारीक' तेवढं राहिलं, दुसऱ्यातलं 'दुसरा'. सूक्ष्म या अर्थाचा इंग्रजी 'मायन्यूट' आणि आपलं मिनिट यांचं स्पेलिंग एकच आहे ते त्यामुळे. मोबाइलच्या नकाशात इंदूरचे अक्षांश बघा: २२ अंश, मग ४३ आणि त्याच्या डोक्यावर एक रेघ. सेकंदांवर दोन रेघा. पहिला भाग, दुसरा भाग, ही मोजणी तिथे अजून दिसते.

तिसराही होता. रॉजर बेकन या इंग्रज पंडिताने १२६७ मध्ये पौर्णिमांची गणितं मांडताना तास, मिनिटं, सेकंद यांच्यापुढे तिसरे आणि चौथे भागही लिहिले. कागदावर, अर्थात. सेकंद दाखवील असं घड्याळ तेव्हा नव्हतंच. डच शास्त्रज्ञ हायगेन्सचं लंबकाचं घड्याळ १६५६ मधलं.

साठाची ही सवय मुळात बाबिलोनची, आणि ती आपल्याकडेही आहे. लग्नातलं घटिकापात्र ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. पाण्यावर तरंगणारी तांब्याची वाटी, तळाला बारीकसं भोक. वाटी भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. दिवसाच्या ६० घटका, घटकेची ६० पळं, पळाची ६० विपळं. पळ २४ सेकंदांचं, विपळ अवघं ०.४ सेकंदाचं. कोनाच्या मापातही तीच रीत: अंश, कला, विकला. लॅटिनवाल्यांनी जे काम 'दुसरा' म्हणून केलं ते आपल्या ज्योतिषांनी नुसता 'वि' लावून केलं. मला आपली युक्ती जास्त आवडते. निदान 'दुसरा कुणाचा' हा प्रश्न पडत नाही.

इथून जेमतेम दीड तासावर उज्जैन. भारतीय ज्योतिषाची शून्य रेखा तिथून जायची. तिथल्या वेधशाळेतलं सम्राट यंत्र सावलीवरून वेळ सांगतं, पण ती उज्जैनची, आपल्या मनगटावरची नव्हे. प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, उज्जैन ७५.८ च्या आसपास, आणि एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे सरासरी सुमारे २७ मिनिटांचा फरक.

सेकंद स्वतः मात्र सूर्याला सोडून गेला. आधी तो दिवसाचा ८६,४०० वा भाग होता. पण पृथ्वी काही नेमाने फिरत नाही. १९६७ मध्ये सीझियमच्या अणूवर बोट ठेवण्यात आलं: त्याच्या ठरावीक प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आवर्तनं झाली की एक सेकंद. मग अणूचं घड्याळ आणि पृथ्वीची गिरकी यांचा मेळ राहावा म्हणून १९७२ पासून अधूनमधून एखादा सेकंद जादा घालू लागले. २०१६ पर्यंत असे २७ झाले, आणि ही पद्धत २०३५ पर्यंत थांबवायची असं २०२२ मध्ये ठरलंय.

शेवटचा जादा सेकंद आपल्याकडे पडला तो १ जानेवारी २०१७ च्या पहाटे, साडेपाचच्या ठोक्याआधी. ५ वाजून २९ मिनिटं ५९ सेकंदांनंतर घड्याळात ६० आले, मग साडेपाच. इंदुरात तेव्हा पोह्यांच्या पातेल्याखाली पाणी तापत ठेवलेलं असणार.