कॅमलच्या फाइलमधला एक आकडा : पार्श्वभूमी

सोलापुरातील काही हौशी मंडळी गेली दोन वर्षे फ्लाइटगिअर या संगणकावर विमान उडवण्याच्या सिम्युलेटरसाठी सॉपविथ कॅमल हे पहिल्या महायुद्धातील द्विपंखी लढाऊ विमान तयार करत आहेत. पंख, चाके, बंदुका यांबाबत त्यांच्यात फारसे दुमत नाही. वाद आहे तो विमानाच्या वर्णन-फाइलमधील प्रोपेलरच्या ओळीत लिहिलेल्या एका आकड्याचा.

खऱ्या कॅमलचे पहिले उड्डाण डिसेंबर १९१६ मधले. जून १९१७ पासून ते आघाडीवर दिसू लागले आणि एकूण सुमारे साडेपाच हजार विमाने बांधली गेली. सरकारी दप्तरात त्याचे नाव एफ.१ असेच होते; दोन व्हिकर्स मशीनगनच्या मागील भागावर बसवलेल्या आवरणाचा उंचवटा वशिंडासारखा दिसे, म्हणून वैमानिक त्याला ‘कॅमल’ म्हणजे उंट म्हणू लागले आणि तेच नाव टिकले. इंजिन, वैमानिक, बंदुका आणि इंधनाची टाकी असे जवळजवळ सगळे वजन पुढच्या सातेक फुटांत एकवटल्यामुळे हे विमान कमालीचे चपळ होते आणि नवशिक्यांसाठी तितकेच घातक. रावळपिंडीचा एक शीख वैमानिक १९१७ मध्ये फ्रान्समध्ये कॅमल चालवत होता. मुंबईहून गेलेला एक मराठी तरुण त्याच कारखान्याच्या डॉल्फिन विमानावर होता आणि जून १९१८ च्या अखेरीस त्याचा मृत्यू झाला. सोलापूरच्या गटाने आधी डॉल्फिनच करायला घेतले होते, ते याच कारणाने. पण मूळ डॉल्फिन आज एकही पूर्ण शिल्लक नाही, संग्रहालयात आहे ते काही मूळ भाग जोडून उभे केलेले. त्यामुळे मोजमापे जुळवताना गट थकला आणि कॅमलकडे वळला.

युद्धात कॅमल दीड वर्ष लढले. संगणकावर ते चाळीस वर्षांहून अधिक काळ उडत आहे. ॲपल-टू संगणकासाठी १९८० च्या सुमारास आलेल्या पहिल्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये मोजक्या रेघांनी काढलेली कॅमलची हवाई लढाई होती. मायक्रोसॉफ्टने १९८२ मध्ये तोच कार्यक्रम पीसीवर आणला तेव्हा ‘युरोप १९१७’ नावाचा भाग सोबत आला, आणि १९९३ च्या पाचव्या आवृत्तीतही कॅमल होते. सोलापुरात या खेळांची ओळख झाली ती नव्वदच्या दशकाच्या शेवटी, जोडणी करून घेतलेल्या संगणकांवर आणि तासाच्या हिशेबाने चालणाऱ्या सायबर कॅफेंमध्ये. जॉयस्टिक क्वचित एखाद्याकडे असे, रडर म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीची झडप, तिचे पेडल कोणाकडेच नव्हते, सगळे कीबोर्डवर. त्यामुळे ऑटो-कोऑर्डिनेशन ही सोय कायम चालू असे, म्हणजे विमान ज्या बाजूला कलवावे त्याच बाजूला संगणक आपोआप रडर देई. आजच्या वादाचे मूळ प्रस्तुत लेखकाच्या मते याच सवयीत आहे.

कारण कॅमलचे इंजिन रोटरी होते. त्यात क्रँकशाफ्ट स्थिर असतो आणि नऊ सिलिंडरांसह सगळे इंजिनच प्रोपेलरबरोबर गरगर फिरते. कॅमलमधल्या क्लर्जे इंजिनाचे वजन पावणेदोनशे किलोच्या आसपास आणि गती मिनिटाला सुमारे १,२५० फेरे. विमानाच्या नाकावर एवढा मोठा भोवरा फिरत असेल तर तो विमानाला सरळ वळू देत नाही. वैमानिकाच्या बाजूने पाहता इंजिन घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते, म्हणून उजवीकडे वळताना नाक खाली जाते आणि डावीकडे वळताना वर उचलते. परिणामी दोन्ही वळणांत वैमानिकाला डावाच रडर द्यावा लागे. उजवीकडे वळतानाही डावा रडर, ही गोष्ट कीबोर्डवर वाढलेल्या पिढीला सांगून पटत नाही.

गटाच्या पहिल्या फाइलमध्ये प्रोपेलरच्या जडत्व-आघूर्णाच्या (फिरणारी वस्तू गतीतील बदलाला किती विरोध करते त्याच्या मापाच्या) जागी फक्त लाकडी प्रोपेलरचा आकडा घातला होता. विमान गरीब गाईसारखे उडत असे आणि दोन्ही बाजूंना सारखेच वळत असे. पुढे गटातील एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने दाखवून दिले की फ्लाइटगिअरमधील यासिम या उड्डाण-गणितात फिरत्या इंजिनासाठी वेगळी जागा नाही, म्हणून त्याचे जडत्व-आघूर्णही प्रोपेलरच्याच आकड्यात मिळवायला हवे. तसे केल्यावर आकडा काही पटींनी वाढला. पहिल्याच चाचणीत सोलापूरच्या होटगी रस्त्याच्या धावपट्टीवरून उडालेले विमान उजवीकडे वळता वळता नाक टाकून जमिनीत घुसले. लागोपाठ चौघांची हीच गत झाली. मग आकडा निम्मा करण्याचा प्रस्ताव आला आणि बहुमताने मंजूरही झाला.

येथे ‘प्रतिकृती’ या शब्दाचा घोळ लक्षात घ्यावा लागतो. मराठीत आपण शिवजयंतीच्या देखाव्यातील थर्माकोलच्या किल्ल्यालाही प्रतिकृती म्हणतो आणि मूळ आराखड्यांवरून मूळ लाकूड-कापडात बांधलेल्या, उडणाऱ्या विमानालाही. जुन्या विमानांच्या जगात या दोहोंत काटेकोर फरक केला जातो. उत्तर इंग्लंडमधील स्वयंसेवकांनी बांधलेल्या सॉपविथ त्रिपंखी विमानाचे काम इतके अस्सल ठरले की मूळ कारखान्याच्या वयोवृद्ध संस्थापकाने त्याला प्रतिकृती म्हणण्याऐवजी ‘उशिरा तयार झालेले उत्पादन’ म्हणून मान्यता दिली. त्याच मंडळींनी बांधायला घेतलेले कॅमल २०१७ मध्ये उडाले. गटातील निम्म्या आकड्याच्या समर्थकांचे म्हणणे असे की आपली प्रतिकृती खेळासाठी आहे, आणि शाळकरी मुलाला पहिल्याच वळणात विमान गमवावे लागले तर तो पुन्हा येणार नाही. हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. पण कॅमलचे इंजिन अर्धेच फिरत नव्हते. शिवाय त्या चारही अपघातांत ऑटो-कोऑर्डिनेशन चालूच होते. डावा रडर हवा तेथे संगणक उजवा देत होता. दोष सवयीचा असताना शिक्षा आकड्याला झाली.

बाह्यरूपाबाबत मात्र गट फार काटेकोर राहिला आहे. वरचा पंख सरळ आणि खालचा सुमारे पाच अंश वर उचललेला, त्यामुळे टोकांकडे पंखांमधले अंतर कमी होत जाते, हे त्यांनी ब्लेंडर या त्रिमितीय आकार घडवण्याच्या प्रणालीत नेमके साधले आहे. पंखांवरच्या कापडासाठी प्रथम घरातल्या चादरीचा फोटो वापरला होता. यंत्रमागावर आयुष्य काढलेल्या एका सभासदाच्या आजोबांनी पडद्यावर पाहताच ‘ही जकार्डची नक्षीदार वीण आहे, विमानाला साधी वीणच असणार’ असे सांगितले, आणि ते बरोबर होते. ते कापड लिननचे, म्हणजे आपण ज्याची चटणी करतो त्या जवसाच्याच झाडाच्या धाग्याचे. इंजिनाचे वंगणही परके नाही. ते एरंडेल होते आणि त्याची वाफ नाकातोंडात जाऊन वैमानिकांची पोटे बिघडत असत. सिम्युलेटरमध्ये तेवढे वगळले आहे.

धावपट्टीच्या वाटेतील साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली. तीही गटाने देखाव्यातून काढली. मे महिन्याच्या चाचणीत तापमान ४२ अंश ठेवल्यावर, सुमारे दीड हजार फूट उंचीवरच्या सोलापुरात हवा पाच हजार फुटांवरच्या इतकी विरळ होते आणि कॅमलची धाव लांबते, हेही तपासून झाले आहे.

सध्या फाइलमध्ये निम्मा आकडाच आहे. पूर्ण आकडा त्याच्या खालच्या ओळीत टिप्पणीच्या खुणांमध्ये, म्हणजे संगणक वाचणार नाही असा, ठेवलेला आहे. ज्याला हवा त्याने वरची ओळ पुसून खालच्या ओळीच्या खुणा काढाव्यात आणि उडण्यापूर्वी ऑटो-कोऑर्डिनेशन बंद करावे.