बाल्साच्या जुन्या विमानाला चिकटपट्टी लावू नका
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

“जरासा कागद फाटलाय, बाकी काही नाही,” असं म्हणत बाल्साच्या हलक्या लाकडाच्या सांगाड्यावर पातळ कागद ताणून केलेलं जे छोटं विमान आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर येतं, त्याच्या पंखावर बहुतेक वेळा सेलोटेप असते. वडिलांनी एनसीसीच्या एअर विंगमध्ये असताना केलेलं, नाहीतर काकांनी विलायतेहून आणलेल्या केइलक्राफ्टच्या किटमधलं. माळ्यावरून उतरवताना पंखात बोट गेलं आणि हाताशी चिकटपट्टी होती, एवढीच गोष्ट.

हा कागद, म्हणजे टिश्यू, दिसतो पतंगाच्या कागदासारखा, पण पंखावर तो नुसता चिकटवलेला नसतो. पाण्याने ताणून वर डोप पाजलेला असतो. डोप म्हणजे द्रावकात विरघळवलेलं सेल्युलोजचं संयुग, बहुधा सेल्युलोज नायट्रेट. फ्लाइंग क्लबांच्या टायगर मॉथ विमानांच्या कापडालाही डोपच लावत. पट्टीचा गोंद काही वर्षांत या कागदात मुरतो. वरचं प्लास्टिक वाळून गळतं, खाली तपकिरी, तेलकट डाग राहतो आणि त्यावर नवा डोप धरत नाही. अ‍ॅसिटोनने डाग काढावा तर जुना डोप विरघळतो, शेजारचे सांधेही सुटू लागतात, कारण जुनं बाल्सा सिमेंट बहुधा त्याच जातीचं. मग त्या रिबपासून (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या पट्टीपासून) पुढच्या रिबपर्यंतचा सगळा कागद कापून नवा लावण्यावाचून गत्यंतर नसतं.

नुसती बोटभर फाट असेल तर अर्ध्या तासाचं काम. पट्टी लागलेली असेल तर दोन-तीन दिवस. बिल बघून काहींना शंका येते, म्हणून कापलेला कागद आम्ही पाकिटात घालून विमानासोबत परत देतो.

ठिगळ आम्ही कात्रीने कापत नाही, हाताने फाडतो. तंतू सुटलेली कड मूळ कागदात मिसळून जाते. टिश्यूला धागा असतो: एका बाजूने सरळ फाटतो, दुसरीकडून वेडावाकडा. ठिगळाचा धागा मूळ धाग्याला समांतर ठेवला नाही तर तिथे सुरकुती येते. पांढरा कागद पिवळा पडलेला असेल तर नव्याला कोऱ्या चहाच्या पाण्यात बुडवतो. उडालेला लाल किंवा निळा मात्र तंतोतंत जुळत नाही. तसं असेल तर काम घेण्याआधीच सांगतो.

कपाटात ठेवायच्या विमानाला पातळ डोपचे दोन हात पुरतात. त्यात एरंडेलाचे दोन-चार थेंब टाकतो, म्हणजे कागद पुढे आक्रसत जाऊन पंखाला पीळ भरत नाही. वाळेपर्यंत पंख सपाट फळीवर टाचण्यांनी धरून ठेवावा लागतो. “उद्या मिळेल का?” याचं उत्तर म्हणूनच ‘नाही’ असतं. विमान उडवायचं असेल तर आधी सांगा, ते काम वेगळं.

जून ते सप्टेंबर आम्ही डोपचं काम घेत नाही. द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि डोप दुधासारखा पांढरा होतो. “एसी लावून करा की,” असं सुचवणारे भेटतात. नायट्रेट डोपची वाफ पटकन पेट घेते. बंद खोलीत ते आम्ही करणार नाही. सुतारकाम, म्हणजे मोडलेल्या रिब आणि स्पार (पंखाची लांब दांडी), पावसाळ्यातही चालू असतं. गणपतीआधी विमान देऊन ठेवलंत तर दिवाळीपर्यंत तयार मिळतं.

तोवर फाट आहे तशी राहू द्या. बाल्साचे तुटके तुकडे, अगदी काडीएवढे असले तरी, काड्यापेटीत जपून ठेवा. मूळ तुकडा असला की नवा कापावा लागत नाही आणि तेवढे पैसे वाचतात. पंखा फिरवणारं आतलं रबर चिकट झालं असेल तर ओढू नका, सोबत फ्यूजलाजची (विमानाच्या धडाची) बाजू येते. कसर लागली असेल तर विमान वेगळ्या खोक्यात आणा, आमच्याकडे इतरांचीही विमानं असतात.

फोटो पाठवलात तर अंदाज फुकट सांगतो. काचेची पेटीही मापाने करून मिळते. आणि चिकटपट्टी आधीच लागलेली असेल तर ती सोलू नका, तशीच घेऊन या.