सामुदायिक महाविद्यालयांतील ऑनर्स कार्यक्रम

अमेरिकेतील दोन वर्षांच्या सार्वजनिक महाविद्यालयांत काही निवडक विद्यार्थ्यांना नेहमीच्याच अभ्यासक्रमात अधिक सखोल अध्ययनाची संधी देणारी व्यवस्था. भारतात ‘ऑनर्स’ हा शब्द पदवीच्या नावाला जोडून येतो. येथे पदवी नेहमीचीच राहते, गुणपत्रकावर तेवढी स्वतंत्र नोंद होते. या महाविद्यालयांचे जुने नाव ‘ज्युनिअर कॉलेज’ असले (इलिनॉयमधील जोलिएट येथील, १९०१ मध्ये स्थापन झालेले महाविद्यालय सर्वांत जुने मानतात), तरी महाराष्ट्रातील अकरावी-बारावीच्या ज्युनिअर कॉलेजशी त्यांचा संबंध नाही.

या पद्धतीच्या उगमाबद्दल एकमत नाही. फ्रँक एडेलॉट यांनी ऑक्सफर्डच्या धर्तीवर स्वार्थमोर महाविद्यालयात १९२२ च्या सुमारास सुरू केलेल्या प्रयोगाकडे बहुतेक लेखक बोट दाखवितात. त्यात लहान चर्चासत्रे होती आणि अखेरची परीक्षा बाहेरचे परीक्षक घेत. मात्र तो प्रयोग पदवीच्या शेवटच्या दोन वर्षांपुरता होता आणि सामुदायिक महाविद्यालयात नेमकी तीच दोन वर्षे नसतात, हे लक्षात घेता ही वंशावळ थेट मानणे कठीण जाते. त्यापेक्षा कोलोरॅडो विद्यापीठातील जोसेफ कोहेन यांच्या पुढाकाराने १९५७ ते १९६५ या काळात काम केलेल्या आंतरविद्यापीठीय समितीचे ऋण अधिक निकटचे वाटते. कारण हुशार विद्यार्थी प्रवेशाच्या वेळीच हेरावेत आणि कार्यक्रम पहिल्या वर्षापासून चालवावा, असा तिचा आग्रह होता. तिच्यामागून १९६६ मध्ये राष्ट्रीय ऑनर्स परिषद स्थापन झाली.

महाविद्यालयाचा प्रवेश सर्वांना खुला असला, तरी या कार्यक्रमासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. माध्यमिक शाळेतील श्रेणी पाहून प्रारंभीच किंवा एकदोन सत्रांच्या निकालानंतर प्रवेश मिळतो. चारपैकी ३ ते ३.५ सरासरी ही अट सामान्यतः आढळते. पुष्कळ ठिकाणी निबंध व प्राध्यापकाचे शिफारसपत्रही मागतात. खुल्या दाराच्या संस्थेत अशी निवड कितपत सुसंगत आहे, हा जुनाच आक्षेप आहे.

स्वतंत्र वर्ग भरविण्याइतके विद्यार्थी नसतील, तेथे ‘ऑनर्स करार’ करतात. उदाहरणार्थ, इतिहासाच्या साध्या वर्गातील विद्यार्थिनी सत्राच्या आरंभी प्राध्यापकाबरोबर एका लेखी कागदावर सही करते, मूळ पत्रव्यवहार वाचून एक जादा शोधनिबंध लिहिते आणि त्यासाठी ठरल्या वेळी प्राध्यापकाला भेटत राहते. वर्ग मात्र इतरांबरोबरच करते.

प्रवेश घेण्यामागे मुख्य हेतू बहुधा चार वर्षांच्या विद्यापीठात बदली मिळविण्याचा असतो. कॅलिफोर्नियातील काही महाविद्यालयांचा लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाशी बदलीबाबत करार असून, कार्यक्रम पूर्ण करणाऱ्यांच्या अर्जांचा तेथे प्राधान्याने विचार होतो; प्रवेशाची हमी मात्र मिळत नाही. १९१८ मध्ये स्थापन झालेली ‘फाय थीटा कप्पा’ ही दोन वर्षांच्या महाविद्यालयांतील गुणवंतांची संस्था आहे; तिचे सभासदत्व आणि ऑनर्स कार्यक्रम यांची अनेकदा गल्लत होते.