यादीत डेटाबेसचं नाव दिसत नसेल तेव्हा

बिलिंग सॉफ्टवेअरच्या लॉगिनच्या खिडकीत डेटाबेसचं रोजचं नाव दिसलं नाही की पहिला प्रश्न येतो, "डेटा उडाला का?" बहुतेक वेळा तो उडालेला नसतो. यादीत दिसतो तो डेटाबेसकडे जाणारा पत्ता. पत्ता पुसला गेला तरी तुमच्या नोंदी सर्व्हरवर जागच्या जागी असतात. त्यामुळे घाबरू नका, आणि मुख्य म्हणजे त्याच नावाचं नवं कनेक्शन स्वतः बनवू नका.

हे आम्ही वारंवार सांगतो, कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. काम अडलेलं असतं, कोणीतरी घाईने नवं कनेक्शन बनवतं. सर्व्हर बरोबर निवडलेला असतो, पण डेटाबेस मात्र चाचणीसाठी ठेवलेली प्रत निवडली जाते. आत ग्राहकांची नावं तीच, मालाची यादी तीच, म्हणून शंका येत नाही आणि बिलं पडत राहतात. शिल्लक जुळेनाशी झाली की मग लक्षात येतं. तोवर खऱ्या डेटाबेसमध्ये इतर मशीनवरून तेच बिल क्रमांक दुसऱ्याच ग्राहकांच्या नावावर पडलेले असतात. प्रत्येक बिलाला स्टॉकची नोंद, जमा पावती आणि कराचा हिशोब जोडलेला असतो. त्यामुळे नुसत्या ओळी कॉपी करून भागत नाही. एकेक बिल हाताने पुन्हा घालावं लागतं.

मग बघायचं काय? सगळ्यात आधी शेजारच्या मशीनवर नाव दिसतं का ते पाहा. एवढ्यानेच अर्धा शोध संपतो.

एकाच मशीनवर दिसत नसेल तर दोष त्या मशीनच्या ओडीबीसी सेटिंगमध्ये असण्याची शक्यता जास्त. ओडीबीसी म्हणजे सॉफ्टवेअरला डेटाबेसशी जोडून देणारी सोय, आणि त्यात नाव देऊन साठवलेलं कनेक्शन म्हणजे डीएसएन. विंडोजमध्ये कनेक्शन 'यूजर डीएसएन' म्हणून बनवलेलं असेल, तर ज्याने बनवलं त्याच्याच लॉगिनला ते दिसतं. जुना कर्मचारी गेला, नव्याने आपल्या नावाने विंडोज उघडलं, की यादी रिकामी. अशा ठिकाणी मशीनवरच्या सगळ्या लॉगिनना दिसणारं 'सिस्टीम डीएसएन' हवं. दुसरी अडचण ३२-बिट आणि ६४-बिट या सॉफ्टवेअरच्या दोन प्रकारांची. ३२-बिट सॉफ्टवेअरला ६४-बिट सिस्टीम डीएसएन सापडत नाही. त्यात विंडोजने ३२-बिटचं ओडीबीसी सेटिंग 'सिसवाऊ६४' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलंय आणि ६४-बिटचं 'सिस्टीम३२'मध्ये. भले भले इथे चकतात. संदेशात 'आयएम०१४' असेल तर हाच बिटचा घोळ समजा. 'आयएम००२' असेल तर त्या नावाचं कनेक्शन किंवा त्याचा ड्रायव्हर (डेटाबेसशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम) सॉफ्टवेअरला सापडलेला नाही.

सगळ्याच मशीनवर दिसत नसेल तर सर्व्हरकडे वळा. डेटाबेस सांभाळणाऱ्या 'एसक्यूएल सर्व्हर' या सॉफ्टवेअरची नाव दिलेली इन्स्टन्स (त्याच सर्व्हरवरची स्वतंत्र स्थापना) असेल, तर तिचा पोर्ट, म्हणजे जोडणीच्या दाराचा क्रमांक, शोधून देण्याचं काम 'एसक्यूएल सर्व्हर ब्राउझर' ही सेवा करते. सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर ती बंदच राहिली, किंवा फायरवॉलने यूडीपी १४३४ हा त्या सेवेचा पोर्ट अडवला, तर डेटाबेस ठणठणीत असूनही कोणालाच सापडत नाही. संदेशात 'एरर २६' दिसतो तो असा.

नाव दिसतंय पण उघडत नाही, ही तक्रार वेगळी. '१८४५६' म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचलात, पण लॉगिन नाकारलं गेलं. नेमकं कारण स्क्रीनवर मुद्दाम सांगितलेलं नसतं, ते सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये असतं. तिथे 'स्टेट ८' लिहिलं असेल तर पासवर्ड चुकलाय. '४०६०' म्हणजे लॉगिनमध्ये मागितलेला डेटाबेस उघडता आला नाही. तो ऑफलाइन असेल, त्याचं नाव चुकलं असेल किंवा तुम्हाला परवानगी नसेल.

कनेक्शन बनवण्याचा अधिकार आम्ही फक्त अॅडमिन लॉगिनला ठेवतो, आणि फोनवर आधी पूर्ण संदेशाचा फोटो मागतो. काहींना याचा जाच होतो, ते आम्हाला कळतं. पण "कनेक्ट होत नाही" एवढ्यावरून वरच्यातलं कुठलंच कारण ओळखता येत नाही. आणि अधिकार सगळ्यांना दिला, तर दुबार बिलांचा तो प्रकार कधीही घडू शकतो.

वार्षिक देखभाल करारातल्या ग्राहकांसाठी आम्ही प्रत्येक मशीनचा कनेक्शन तक्ता ठेवतो: सर्व्हर, इन्स्टन्स, पोर्ट, डेटाबेसचं नेमकं नाव, ड्रायव्हरची आवृत्ती, किती बिट, कोणतं डीएसएन. पासवर्ड त्यात लिहीत नाही. चाचणीच्या प्रतीत कंपनीच्या नावापुढे 'चाचणी' असं टाकून देतो, म्हणजे ते बिलावरही छापून येतं. करार नसलेल्या ग्राहकांनाही कोरा तक्ता मागितल्यास देऊ. तो सगळं सुरळीत चालू असतानाच भरून ठेवा, कारण नाव गायब झाल्यावर त्यातली निम्मी माहिती त्या मशीनवरून मिळत नाही.