सीमॉस क्लिअर की बायॉस फ्लॅश? ओव्हरक्लॉकनंतर पीसी उठत नसेल तर

पीसी ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायला, म्हणजे ओव्हरक्लॉक करायला, बायॉसच्या मेनूत रॅमचा एक्सएमपी प्रोफाइल (वाढीव वेगाचा तयार संच) चालू केला, प्रोसेसरचा मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) थोडा वर नेला, एफ१० दाबून सेव्ह केलं आणि पीसी उठलाच नाही. पंखे फिरतायत, दिवे लागलेत, मॉनिटरवर मात्र ‘नो सिग्नल’. अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात. एक जण म्हणतो, "सीमॉस क्लिअर कर." दुसरा म्हणतो, "बायॉस उडाला असणार, फ्लॅश मारून टाक." पहिलं म्हणजे सेटिंग्ज पुसणं, दुसरं म्हणजे बायॉस हा प्रोग्रॅमच नव्याने लिहिणं. दोन्ही कामं मदरबोर्डवरचीच. दोन्हींनंतर सेटिंग्ज सहसा मूळपदावर येतात, आणि बऱ्याच बोर्डांवर दोन्हींची बटणं मागच्या पट्टीवर शेजारीशेजारी असतात. त्यामुळे नवख्याला दोन्ही एकच वाटतात. पण पहिलं काम जवळपास निर्धोक आहे, आणि दुसरं अर्धवट राहिलं तर धडधाकट बोर्ड ठप्प होतो. ओव्हरक्लॉक फसल्यावर बहुतेक वेळा पहिल्यानेच भागतं, म्हणून हा फरक नीट समजून घ्यायला हवा.

बायॉस हा पीसी सुरू करणारा प्रोग्रॅम आहे. आता त्याची जागा यूईएफआय या त्याच्या नव्या रूपाने घेतली असली तरी बोलताना सगळे बायॉसच म्हणतात. बोर्डवरच्या आठ पायांच्या एका इवल्याशा फ्लॅश चिपमध्ये तो असतो. हल्लीच्या बोर्डांवर ही चिप साधारण १६ किंवा ३२ मेगाबाइटची असते आणि वीज नसली तरी तिच्यातला मजकूर टिकतो. रॅम ओळखणं, तिचा वेग ठरवणं, ग्राफिक्स कार्ड जागं करणं, शेवटी विंडोजची डिस्क शोधणं, ही सगळी कामं याच प्रोग्रॅमची.

त्या प्रोग्रॅमला आपण दिलेल्या सूचना, म्हणजे सेटिंग्ज, ही वेगळी गोष्ट. १९८१च्या आयबीएम पीसीत त्या बोर्डवरच्या छोट्या स्विचांनी ठरायच्या. १९८४मध्ये आयबीएमचा पीसी एटी आला तेव्हा त्यात मोटोरोलाची घड्याळाची चिप होती, आणि तिच्या पोटात ६४ बाइटची सीमॉस मेमरी. त्यातले १४ बाइट घड्याळाला, उरलेले ५० सेटिंग्जना. वीज अगदी कमी खाणारी ही मेमरी बॅटरीवर जिवंत राहायची. बॅटरी काढली की सगळं पुसलं जायचं. सीमॉस क्लिअर करण्याची युक्ती तिथून आली.

आजच्या बोर्डांत मात्र बहुतेक सेटिंग्ज फ्लॅश चिपमध्येच, पण प्रोग्रॅमपासून वेगळ्या राखीव भागात ठेवतात. मग बोर्डवरची बॅटरी, म्हणजे सेल, काढून उपयोग काय? घड्याळाचा वीजपुरवठा मध्ये तुटला होता, याची नोंद चिपसेटमध्ये (बोर्डवरच्या मुख्य नियंत्रक चिपमध्ये) राहते. बायॉस चालू होताना ती नोंद पाहतो आणि जुन्या सेटिंग्जवर विश्वास न ठेवता कारखान्यातल्या मूळ सेटिंग्ज उचलतो. थोडक्यात, सीमॉस क्लिअर करणारा हात प्रोग्रॅमला लागतच नाही. उलट प्रोग्रॅम शाबूत असेल तरच क्लिअर करून उपयोग होतो.

ओव्हरक्लॉकचंही तसंच. तुम्ही रॅमला ३६००चा वेग दिलात किंवा व्होल्टेज १.२ वरून १.३५ व्होल्ट केलंत, तेव्हा बदलल्या त्या फक्त सूचना. प्रोग्रॅममधला एकही बाइट हलला नाही. पीसी उठत नाही, कारण बायॉस तुमचंच ऐकून रॅम त्या वेगाने चालवायला बघतो आणि ती चालत नाही. पॉवर दिल्यावर पीसी आपणहून दोन-तीनदा बंद-चालू होतो तो याच खटपटीत. अनेक बोर्ड काही प्रयत्न फसल्यावर स्वतःच सुरक्षित वेगावर उतरतात, म्हणून आधी थोडं थांबून पाहावं. नाहीच उतरला तर क्लिअर करावं. इथे फ्लॅश करणं म्हणजे नोट चुरगळली म्हणून छापखाना बदलण्यासारखं आहे.

प्रोग्रॅमच उडतो तेव्हा काय होतं, याचं जुनं आणि चांगलंच महागात पडलेलं उदाहरण म्हणजे सीआयएच व्हायरस. तैवानमधल्या एका विद्यार्थ्याने १९९८मध्ये लिहिलेला हा व्हायरस २६ एप्रिल १९९९ला जगभर उसळला. विंडोज ९५ आणि ९८च्या मशिनींवर तो डिस्कची वाट लावायचाच, पण काही चिपसेटवर बायॉसच्या चिपमध्येही कचरा लिहायचा. अशा बोर्डांचा सेल कितीही वेळा काढला तरी फायदा नव्हता. मूळ सेटिंग्ज उचलणारा प्रोग्रॅमच जागेवर नव्हता. चिप काढून पुन्हा लिहून आणणं किंवा बदलणं एवढाच मार्ग उरायचा.

आता क्लिअर करायचं कसं? एसएमपीएसच्या (पॉवर सप्लायच्या) मागचा स्विच बंद करा, वायर काढा आणि पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे साठलेली वीज निघून जाते. मागे ‘क्लिअर सीमॉस’ बटण असेल तर त्याने काम होतं. नसेल तर बोर्डवर दोन उघड्या पिना शोधा. असूसच्या बोर्डांवर त्यांच्याशेजारी ‘सीएलआरटीसी’, एमएसआयवर ‘जेबीएटी१’, गिगाबाइटवर ‘सीएलआर सीमॉस’ अशी अक्षरं असतात. स्क्रूड्रायव्हरचं टोक दोन्ही पिनांना पाच-दहा सेकंद एकदम टेकवलं की झालं. शेजारच्या पंख्याच्या किंवा यूएसबीच्या पिनांवर टोक घसरू नये म्हणून हात टेकवून, टॉर्चच्या उजेडात करा. पिना सापडत नसतील तर सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल काढा. तो बऱ्याचदा ग्राफिक्स कार्डाच्या खाली दडलेला असतो, तेव्हा आधी कार्ड काढावं लागतं. धातूची कड हलकेच बाजूला केली की सेल स्वतःच वर उचलला जातो. पाच-दहा मिनिटांनी अधिकची खूण वर ठेवून परत बसवा. पीसी बरीच वर्षं जुना असेल तर याच वेळी नवा सेल टाकून द्या, तो फार स्वस्त असतो.

क्लिअर झाल्यावरचं पहिलं बूट सावकाश होतं. रॅमचं ट्रेनिंग, म्हणजे ती कशी नीट चालेल हे बायॉसने जुळवून पाहणं, पुन्हा पहिल्यापासून चालतं. एएमडीच्या एएम५ सॉकेटच्या बोर्डांवर डीडीआर५ रॅम जास्त असेल तर काळ्या स्क्रीनसमोर काही मिनिटं बसावं लागतं. इथे घाई नडते: लोक मध्येच बटण दाबतात, ट्रेनिंग पुन्हा शून्यापासून सुरू होतं आणि मग खात्री पटते की बोर्ड गेलाच.

पीसी उठल्यावरही दोन-तीन धक्के बसू शकतात. तारीख मागे जाते, त्यामुळे ब्राउझर साइटच्या सर्टिफिकेटवरून कुरकुर करतो. ३६००ची रॅम २१३३ किंवा २६६६ दाखवते. ती बिघडलेली नाही, फक्त एक्सएमपी बंद झालाय. डिस्कसाठी पूर्वी रेड किंवा व्हीएमडी (डिस्क हाताळण्याच्या वेगळ्या पद्धती) मोड लावला असेल आणि तो मूळपदावर गेला तर विंडोज निळा स्क्रीन दाखवून थांबते. तो मोड पूर्ववत केला की सुटतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर विंडोज रिकव्हरी की मागू शकते. अनेकांच्या पीसीत हे एन्क्रिप्शन त्यांना न कळत चालू झालेलं असतं, आणि ती की मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. फोनवरून खातं उघडून ती आधीच लिहून ठेवा.

फ्लॅश करणं म्हणजे चिपमधला प्रोग्रॅमच पुसून नवा लिहिणं. हे काम चालू असताना वीज गेली तर चिपमध्ये अर्धा जुना, अर्धा नवा मजकूर राहतो आणि बोर्ड पुढच्या वेळी सुरूच होत नाही. पावसाळ्यात, विजा कडाडत असताना यूपीएसशिवाय फ्लॅश करायला बसू नये. दुसरा धोका ओव्हरक्लॉकचाच. बायॉसच्या मेनूतून फ्लॅश करताना नवी फाइल आधी रॅममध्ये येते. रॅमच डळमळीत असेल तर चिपवर चुकीचं काही लिहिलं जाण्याची भीती असते. म्हणून फ्लॅशच्या आधी मूळ सेटिंग्ज लावून घ्यायच्या, हा नियम मोडू नका.

ज्या बोर्डांवर बायॉस फ्लॅशबॅकचं बटण आहे, त्यांचं नशीब बरं. प्रोसेसर, रॅम काहीच न लावता, फक्त एसएमपीएसच्या विजेवर ते चालतं. पेनड्राइव्ह फॅट३२मध्ये फॉरमॅट करायचा, फाइलला कंपनीने सांगितलेलंच नाव द्यायचं, ठरलेल्या यूएसबी पोर्टातच लावायचा आणि लुकलुकणारा दिवा थांबेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. ही सोय नसताना बायॉस खरोखर उडाला, तर चिपला चिमटा लावून बाहेरच्या प्रोग्रॅमरने ती लिहावी लागते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात असं काम करून देणारे मिळतात.

फ्लॅशची खरी गरज वेगळ्या जागी असते. नवा प्रोसेसर घेतला आणि बोर्डाचा जुना बायॉस तो ओळखत नाही, ही एक. २०२३मध्ये रायझन ७०००च्या एक्स३डी प्रोसेसरांपैकी काही सॉकेटमध्येच जळाले. त्यावर उपाय म्हणून नव्या बायॉसमध्ये एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांच्या व्होल्टेजला) १.३ व्होल्टची मर्यादा घालण्यात आली. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही प्रोसेसरांना जास्त व्होल्टेजने इजा होत होती. २०२४मध्ये त्यासाठी नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) आला तोही बायॉस अपडेटमधूनच. अर्थात जो प्रोसेसर आधीच खराब झालाय तो अपडेटने बरा होत नाही, आणि सीमॉस क्लिअर केल्यानेही नाही. तिथे वॉरंटीच कामाला येते.

नेमकं काय झालंय हे ओळखायला बोर्डावर चार छोटे दिवे असतील तर ते बघा: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (डिस्क). एक्सएमपीनंतर डीरॅमचा दिवा अडून बसला असेल तर क्लिअर करा. तरीही नाही उठला तर रॅमची एकच पट्टी, बोर्डाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या खाचेत लावून पाहा. विंडोजचा लोगो दिसून मग निळा स्क्रीन येत असेल, तर बायॉस त्याचं काम करतोय. सेलला हात न लावता डिलीट दाबून मेनूत जा आणि तिथूनच मूळ सेटिंग्ज लावा. तरी विंडोज उठत नसेल तर डळमळीत रॅममुळे तिच्या फाइली खराब झाल्या असू शकतात, मग दुरुस्ती विंडोजचीच करायची. ग्राफिक्स कार्डाचा वेग आफ्टरबर्नरसारख्या सॉफ्टवेअरमधून वाढवला असेल तर तो बायॉसमध्ये नोंदलेलाच नाही. सेफ मोडमध्ये जाऊन ते सॉफ्टवेअर काढावं लागतं.

एकदा पीसी उठला की पुन्हा वेग वाढवताना एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि विंडोजमध्ये शिरण्याआधी मेमटेस्टने रॅम तपासून घ्या. जमलेल्या सेटिंग्ज बायॉसमध्ये प्रोफाइल म्हणून सेव्ह करता येतात. बहुतेक बोर्डांवर हे प्रोफाइल सीमॉस क्लिअर केल्यावर टिकतात, पण फ्लॅश केल्यावर पुसले जातात, आणि पेनड्राइव्हवर काढून ठेवलेले जुन्या आवृत्तीचे प्रोफाइल नवा बायॉस अनेकदा घेत नाही. म्हणून फ्लॅश करायच्या आधी प्रत्येक पानाचा फोनवर फोटो काढून ठेवा. व्होल्टेज आणि रॅमच्या टायमिंगचे आकडे स्पष्ट वाचता येतील असा.